जिल्हा गेला, माणसं कुठे गेली?

कोणीतरी लिहिलंय की युक्रेनमधल्या चेर्नोबिल जिल्ह्याची लोकसंख्या म्हणजे प्रिप्यातचे ४९ हजार लोक. इथे थोडी गल्लत होतेय. प्रिप्यात १९७० साली वसलेलं, अणुभट्टीच्या कामगारांचं शहर; ते थेट कीव्ह प्रांताच्या अखत्यारीत होतं, जिल्ह्यात मोजलं जात नसे. जिल्हा १९२३ चा, आणि त्याचं ठाणं म्हणजे जुनं चेर्नोबिल गाव, १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघाताच्या वेळी साधारण १४ हजार वस्तीचं.

हे गाव अणुभट्टीच्या कित्येक शतकं आधीचं आहे, हेच आपण विसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. ज्यूंच्या हसिदी या भक्तिपंथातलं त्वेर्स्की हे गुरुघराणं इथलंच. १९४१ ते ४३ च्या नाझी ताब्यात उरलेसुरले ज्यू मारले गेले. म्हणजे हे गाव आपली माणसं एकदा आधीच गमावून बसलं होतं.

१९८६ मध्ये अपघातानंतर प्रिप्यात २७ एप्रिलला रिकामं केलं, चेर्नोबिल आणि आसपासची खेडी मे महिन्यात. १९८८ साली जिल्हाच मोडून इवान्कीव्ह जिल्ह्याला जोडला. २०२० मध्ये तोही विश्होरोद जिल्ह्यात विलीन झाला.

तरी हजाराच्या वर माणसं, बहुतेक म्हाताऱ्या बायका, परत येऊन राहिल्या. परसात बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या. आणि ईस्टरनंतर विस्थापित कुटुंबं दरवर्षी आपल्या माणसांच्या कबरींवर यायची, रंगवलेली अंडी आणि पाव ठेवायची. जनगणनेच्या तक्त्यात ही माणसं शोधू नका, त्या स्मशानांत शोधा.