मदत हवी आहे: पायथनमध्ये एकपासून मोजणारी लिस्ट

मंडळी, सोलापुरातल्या एका चादर कारखान्यासाठी पायथनमध्ये डिझाइनचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. कारागीर ताण्याचे (उभे) धागे 1 पासून मोजतात, पायथन मात्र 0 पासून. त्यांना शून्यावा धागा कोण समजावणार! म्हणून लिस्टचा सबक्लास (तिच्यावर बेतलेला स्वतःचा क्लास) करून गेटआयटेम, म्हणजे क्रमांकावरून घटक देणारी मेथड, बदलली. पहिला धागा नीट मिळतो, पण फॉर लूप माझ्या मेथडकडे ढुंकूनही बघत नाही, आणि स्लाइस (लिस्टचा तुकडा) घेतला की साधी लिस्टच हातात येते.

युजरलिस्ट (सबक्लास करण्यासाठी पायथनमध्येच असलेला लिस्टसारखा क्लास) वापरली तर स्लाइसचा प्रकार टिकतो. मात्र तिथे लूप 0 पासून मागतो, मी इंडेक्सएरर (असा क्रमांकच नाही, ही एरर) देतो, आणि लूप काहीच न छापता गुपचूप संपतो. एरर दिसली असती तरी बरं!

लूपला एकेक घटक पुरवणारी आयटर मेथड वेगळी लिहू, की सबक्लासिंग सोडून लिस्ट पोटात ठेवणारा स्वतंत्र क्लास करू? आणि उणे इंडेक्सचं (-1 म्हणजे शेवटचा घटक) काय करता तुम्ही?