घटस्फोट आणि मुलाचा ताबा, कोर्ट एकच असेल असं नाही
लग्न पुण्यात झालं म्हणजे आता इंदूरला राहणाऱ्या बायकोला घटस्फोटाच्या केससाठी पुण्यातच यावं लागणार असं काहींना वाटतं, तसं नाहीये हो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अर्ज बायको करणार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टातही करू शकते. नवऱ्याने आधीच पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात केस टाकली असेल तर मात्र ती इंदूरला ट्रान्सफर करून घ्यायला सुप्रीम कोर्ट गाठावं लागतं, राज्य बदलतंय ना, पुणे-नाशिक असतं तर मुंबई हायकोर्टात भागलं असतं. मुलाच्या ताब्याचं वेगळंच, १८९० च्या पालक-पाल्य कायद्यात मूल एरवी कुठे राहतं ते बघतात, त्यामुळे सुट्टीत आजीकडे नेऊन तिथेच अर्ज ठोकायचा ही आयडिया सहसा टिकत नाही. मूल कुठे राहतं याच्या पुराव्यासाठी शाळेचं बोनाफाईड काढून ठेवा आधी.