थ्रीडी इफेक्ट्समध्ये सगळंच व्होरोनॉईने फोडायचं का?

काचमोडे:
काच फोडा, दार फोडा, भिंत फोडा, तुकडे सगळीकडे खडीसाखरेसारखेच. व्होरोनॉईत (बिंदू विखरून वस्तू तोडायची पद्धत) प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वात जवळची जागा मिळते, म्हणून तुकडे कायम बहिर्वक्र (कुठेही खाच नसलेले) आणि कडा सरळसोट. खिडकीच्या साध्या काचेवर दगड बसला की आघातापासून किरणांसारखे तडे जातात आणि त्यांना जोडणारी कडी उमटतात. गाडीच्या दाराच्या टफन्ड काचेचे बारीक दाणे होतात. लाकूड रेषेत चिरतं. हुदिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून (आवृत्ती १७) आरबीडी मटेरियल फ्रॅक्चर या फोडायच्या साधनात काँक्रीट, काच, लाकूड असे वेगळे पर्याय आहेत. पदार्थ ओळखू येत नसेल तर शॉट अर्धवट आहे, असं माझं स्पष्ट मत.

फ्रेमचोर:
असहमत. दीड सेकंदाचा शॉट, वर धुरळा, त्यात मोशन ब्लर. तडे बघतंय कोण? आणि बहिर्वक्र तुकडे ही सोय आहे हो! बुलेटला (टकरी मोजणारं इंजिन) कन्व्हेक्स हलची, म्हणजे तुकड्याभोवतीच्या बहिर्वक्र वेष्टनाची, टक्कर तपासणं स्वस्त पडतं. बूलियनने (एका आकाराने दुसरा कापून) खाचाखोचांचे तुकडे करून त्यांना हल लावून बघा. हल एकमेकांत घुसलेले असतात, त्यामुळे कोणी हात न लावता पहिल्याच फ्रेमला भिंत उडते. मेश कोलिजन (तुकड्याच्या खऱ्या आकाराची टक्कर) लावलं तर सिम (सिम्युलेशन) रांगत बसतं.

काचमोडे:
मग सिम साध्या प्रॉक्सीवर (बदली आकारांवर) करा आणि रेंडरला खडबडीत तुकडे लावा. एवढाही वेळ नसतो?

सुतारपक्षी:
अहो, बिंदू कुठे टाकायचे ते तुमच्या हातात आहे की! ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सेल फ्रॅक्चर अ‍ॅड-ऑनला अ‍ॅनोटेशन पेन्सिलीच्या रेघोट्यांवरून बिंदू देता येतात. आघाताच्या जागी गिचमीड करा, लांब जाल तसं विरळ ठेवा. लाकडासाठी फळी आधी लांबीत दाबायची, फोडायची, मग तुकड्यांसकट परत ताणायची. लांबट चिरफळ्या मिळतात, आणि ताणूनही तुकडा बहिर्वक्रच राहतो, म्हणजे बुलेट खूश. (ब्लेंडर ४.२ पासून सेल फ्रॅक्चर सोबत येत नाही, एक्स्टेंशन म्हणून घ्यावं लागतं. "बटण कुठे गेलं" विचारणाऱ्यांसाठी.)

जडत्व:
मुळात आधीच का फोडायचं? डीएमएम (डिजिटल मॉलिक्युलर मॅटर) या प्रणालीत आतला ताण मोजून तडा कुठे जाईल ते सिमच ठरवतं. २०१५ मध्ये ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कारही मिळालाय त्याला.

फ्रेमचोर:
त्याच वर्षी बुलेटलाही मिळाला! आणि दिग्दर्शक म्हणाला "हा तुकडा डावीकडे पडू दे", तर ताण मोजणाऱ्या सिमला ते कसं समजावणार? फळीची युक्ती मान्य. काचेचा क्लोजअप असेल तर तडे मीही हाताने आखतो. पण मागच्या रांगेतल्या इमारतीला व्होरोनॉईच.

काचमोडे:
मागच्या रांगेबद्दल मी बोललोच नव्हतो. तुमच्या शोरीलमधलं दार बघा एकदा.