पार्सल पोचवणाऱ्या पोरांची युनियन जळगावात उभी राहील का?

मेहरूणचा रायडर
आमच्या हबवर, म्हणजे पार्सलं जिथून वाटपाला निघतात त्या गोदामात, पार्सलमागचा रेट न सांगता कमी केला. हब इन्चार्ज म्हणतो व्हेंडरला, म्हणजे कंपनीच्या कंत्राटदाराला, विचारा; व्हेंडर म्हणतो वरूनच आलंय. गाडी आपली, पेट्रोल आपलं, मे महिन्यात ४४-४५ अंशांत पिंप्राळ्यापासून एमआयडीसीपर्यंत फिरायचं आपणच. गिऱ्हाईक घरी नसलं तर फेरी फुकट. युनियन केल्याशिवाय हे थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही बोला.

धुळ्याचा आबा
भाऊ, आमच्याकडे तिघांनी सह्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी तिघांच्या आयडी बंद. कामावरून काढलं असं कुणी म्हटलंच नाही, नुसतं अ‍ॅप उघडेना. आठवड्यात त्यांचे रूट दुसऱ्यांना दिले. तालुक्यातून बाईक घेऊन येणाऱ्या पोरांना तोटा नाही. एसटीचा संप आठवा, २०२१-२२ चा. कायम नोकरी, गावोगावी डेपो, महिनोन्‌महिने बंद, तरी राज्य शासनात विलीनीकरण झालं नाही. आपल्या हातात तर नेमणूकपत्रही नाही.

वकील ताई
नोंदणीचं अवघड नाही. सात जण अर्ज करू शकतात. कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात. गाडी अडते ती पुढे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगाराची, म्हणजे अ‍ॅपवर कामागणिक पैसे घेणाऱ्याची, व्याख्याच मालक-नोकर नात्याबाहेरची आहे. अ‍ॅग्रीगेटरने, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने, उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, ही तरतूद आहे. पण रेटवर वाटाघाटीला बसायचं बंधन त्यातून येत नाही. तुम्ही व्हेंडरकडे नोकरीला असाल तर तुमची बाजू वेगळी. पगार कुणाच्या खात्यातून येतो, ते आधी बघा. त्या नोंदी आणि अ‍ॅपचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मार्केट यार्डवाला
मालक ठरलेला नाही म्हणून संघटना होत नाही, हे मला पटत नाही. हमालांना तरी कुठे एक मालक होता? आज या अडत्याची पोती, उद्या त्याची. अण्णासाहेब पाटलांनी त्यांनाच एकत्र केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकांना मजुरी त्या कायद्याखालच्या मंडळात जमा करावी लागते, वर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कमही भरावी लागते. पार्सलवाल्यांनाही तसंच मंडळ मागा. सकाळी सगळे एकाच शटरसमोर स्कॅनिंगला उभे असता ना? सभेची जागा तीच.

धुळ्याचा आबा
नाना, त्या रांगेत इन्चार्ज उभा असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही तोच. आणि हमाल थांबला की ट्रक जागीच अडतो. आम्ही थांबलो तर पार्सलं दुसऱ्या व्हेंडरकडे वळवतात.

मेहरूणचा रायडर
दिवाळीच्या सेलमध्ये कुठे वळवतील? तेव्हा सगळेच हब तुंबलेले असतात.

धुळ्याचा आबा
आणि इन्सेन्टिव्हही तेव्हाच असतो. हप्ता भरायचा असलेला पोरगा त्या आठवड्यात गाडी उभी करणार नाही. मी पण करणार नाही, खरं सांगतो.

पारोळ्याची बहीण
माझा भाऊ याच कामात आहे. हायवेवर पडला, पाय मोडला, दवाखान्याचं बिल घरच्यांनीच भरलं. व्हेंडरने विचारलं ते पार्सलांबद्दल. दादा, रेटचं भांडण नंतर करा. अपघात विम्याचा कागद आधी मागा; त्यावर सही करायला घरचे कुणालाच अडवणार नाहीत.

मेहरूणचा रायडर
ताई, हे पटलं. विमा आणि रेट लेखी, दोनच मागण्या. अर्ज व्हेंडर, कंपनी आणि सहायक कामगार आयुक्त, तिघांना एकाच दिवशी. सह्या तिघांच्या नकोत, अख्ख्या हबच्या हव्यात. आबा, तुमच्या हबवरून किती येतील?