मदत हवी आहे : चिली आणि न्यूझीलंड संबंधांविषयी

नमस्कार मंडळी,

चिली आणि न्यूझीलंड यांच्यातल्या संबंधांवर मराठीत एक दीर्घ लेख लिहिते आहे. मध्ये अख्खा प्रशांत महासागर, तरी ऑकलंडहून सँतियागोला थेट विमान सुमारे अकरा तासांत पोहोचतं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे संध्याकाळी निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या दुपारी उतरतो!

करारांची बाजू मला बऱ्यापैकी समजली आहे. २००५ मध्ये या दोघांनी सिंगापूर आणि ब्रुनेईसोबत केलेला व्यापार करार हेच पुढच्या मोठ्या प्रशांत भागीदारीचं बीज. २०२० मध्ये सिंगापूरला घेऊन डिजिटल अर्थव्यवस्थेचा करारही झाला.

अडते आहे ती दुधापाशी. फॉन्टेरा या न्यूझीलंडच्या सहकारी संस्थेकडे चिलीतली सोप्रोले ही मोठी दूध कंपनी वर्षानुवर्षं होती, ती २०२३ मध्ये पेरूच्या ग्लोरिया समूहाकडे गेली. त्यानंतर दक्षिण चिलीतल्या न्यूझीलंडच्या गोठेमालकांचं, तिथल्या चराई पद्धतीचं काय झालं? सफरचंद, किवी, वाइन यांत दोघे एकाच हंगामातले स्पर्धक, मग मैत्री टिकते कशी, हेही मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

न्यूझीलंडमध्ये दुग्धव्यवसायात असलेलं कुणी इथे आहे का? वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेल्या चिलीच्या तरुणांसोबत काम केलेलं कुणी? स्पॅनिश वाचणाऱ्यांनी चिलीतली वाचनीय वृत्तपत्रं सुचवली तरी फार मदत होईल.