'डिस्कस अबाउट' म्हटलं की फुली?

घाटावरची: काल इथेच एका साहेबांनी लिहिलं, मुलाखतीत कुणी 'डिस्कस अबाउट' म्हणालं की ते नावावर फुली मारतात, कारण इंग्रजीत 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. डोकंच फिरलं. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, गावाला पोहोचतो, त्याच्याशी लग्न करतो. म्हणून तोंडात 'रीच टू', 'मॅरीड विथ' येतं. यात मठ्ठपणा कसला? आणि गोऱ्यांचं तरी कुठे जुळतं? इंग्लंडात 'ॲट द वीकेंड', अमेरिकेत 'ऑन'.

माजी मास्तर: तो त्यांच्या घरातला वाद. 'रीच टू' दोन्हीकडे चूकच. नियम घोकून हे येत नाही, एवढं कबूल. 'डिपेंड ऑन', 'कन्सिस्ट ऑफ' अशा जोड्याच तोंडी बसवाव्या लागतात. 2000 पासून पहिलीला इंग्रजी आणलं, पण शिकवणाऱ्यांच्या तोंडी त्या कुणी बसवल्या?

दुपारचा चहा: झालं, मास्तरांचं शाळापुराण सुरू! माझ्या पुतणीने मेलमध्ये मीटिंग अलीकडे घेण्याला 'प्रीपोन' लिहिलं म्हणून मॅनेजरने चारचौघांत झापलं. अमेरिकन क्लायंट मात्र निमूट तासभर आधी मीटिंगला हजर. आणि हा शब्द 1913 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकपत्रात आलाय म्हटलं!

माजी मास्तर: एका पत्राने शब्द रुळत नाही. तिकडे आजही 'मूव्ह अप' म्हणतात.

अनुस्वार: इंग्रजी मरू द्या. त्याच साहेबांचं वाक्य बघा: 'उमेदवारांची मदत व्हावी म्हणून लिहितोय.' मराठीत उमेदवारांना मदत होते हो! ही हिंदीची उचल कुणालाच खुपत नाही?

दुपारचा चहा: मी नागपूरची. आमच्याकडे सर्रास 'माझी मदत कर' म्हणतात. आम्ही काय मराठी नाही?

अनुस्वार: बोला की घरी. छापील मराठीत नको.

दुपारचा चहा: म्हणजे प्रमाण तेवढं पुण्याचं! आमच्या सासूबाईंनी लग्नानंतर वर्षभर माझं 'करून राहिली' दुरुस्त केलं. आता नातू तेच बोलतो, तर कौतुक!

घाटावरची: अनुस्वार, साहेब इंग्रजीत करतात तेच तुम्ही इथे करताय.

अनुस्वार: मी कुणाची नोकरी तर घालवत नाही ना!

घाटावरची: उपकार झाले.

माजी मास्तर: बरं, बोलण्यात 'अबाउट' चालवून घेतो. अर्जात दिसलं तर लाल पेन काढणारच.

घाटावरची: काढा की. खोडून बरोबर काय ते लिहून द्या, मास्तर. फुली कुणीही मारतं.