थ्री नॉट थ्री: ईशापूरने मागची साइट नळीवरच का ठेवली?

नेमबाज_अण्णा:
ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे .३०३ इंची ली-एनफील्ड रायफलीचं, ‘नंबर ४’ मॉडेल आणलं, तेव्हा सर्वांत शहाणा बदल केला तो साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा. जुन्या मार्क थ्रीला (१९०७) मागची साइट नळीवर, डोळ्यापासून हातभर लांब. मागच्या साइटची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य, तिन्ही एका रेषेत आणताना नजर थकते. नंबर ४ ला भोकाची साइट पार मागे, बोल्टजवळ (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) आली. भोकातून बघायचं, माशी लक्ष्यावर टेकवायची, बस्स. दोन साइटमधलं अंतर वाढलं, त्यामुळे चूकही कमी.
आणि आपण? १९६२ च्या युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ७.६२ मिमीची नवी रायफल काढली, आधी टू-ए आणि मग टू-ए वन हे मॉडेल. साइट पुन्हा नळीवर! साइटवरच्या २००० मीटरपर्यंतच्या अंतराच्या खुणा काढून ८०० पर्यंत केल्या, एवढीच काय ती प्रगती. मला हा निव्वळ आळस वाटतो.

लेथवाला:
अण्णा, आळस म्हणणं सोपं आहे. कारखान्यात जिग-फिक्श्चर (भाग कापताना धरून ठेवणारे साचे) सगळी मार्क थ्रीची होती. नंबर ४ ची बॉडी (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य लोखंडी भाग) वेगळी, म्हणजे सगळं पहिल्यापासून मांडा. चीनशी नुकतं युद्ध झालेलं, रायफली तातडीने हव्या होत्या. आणि जिथे खरी गरज होती तिथे बदल केलाच की: ७.६२ चा दाब जास्त, म्हणून चांगलं पोलाद घेतलं. काडतुसाची कड गेली म्हणून मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) बदलले. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्यानेही युद्धभर मार्क थ्रीच बनवली. तेही आळशी का?

नेमबाज_अण्णा:
लिथगो ऐन युद्धात होतं, ते मान्य. पण नंबर ४ येऊन वीसेक वर्षं झाली होती हो!

गंजलेला_बोल्ट:
नवं ते सगळं सोनं नसतं. नंबर ४ मध्येच ‘मार्क वन स्टार’ बघा. अमेरिका-कॅनडात बनवताना बोल्ट काढायचा खटका वगळला आणि रुळात नुसती खाच कापली. तिची कड झिजली, तुटली की बोल्टचं डोकं चालवताना रुळावरून सटकायचं. जुना खटका बरा होता. संगीन तर विचारूच नका, सतरा इंची पात्याच्या जागी दाभण दिलं!

कोकणी_कॅडेट:
साइटपेक्षा घोड्याबद्दल, म्हणजे ट्रिगरबद्दल बोला. मार्क थ्रीत घोडा ट्रिगर गार्डला टांगलेला, आणि गार्ड लाकडाला. पावसाळ्यात लाकूड फुगलं की घोड्याची ओढ बदलते. आमच्याकडच्या हवेत हे सांगायला नको. नंबर ४ मार्क टू मध्ये घोडा थेट बॉडीला टांगला. एनसीसीत आम्हाला कवायतीपुरतीच थ्री नॉट थ्री मिळायची, गोळी मारायची ती पॉइंट टू टू ने, त्यामुळे नेमाचं मी बोलत नाही.

लेथवाला:
हा मुद्दा पटला. बॉडी न बदलता घोड्याचं काहीतरी जमलं असतं. साइटबाबत मात्र मी जागचा हलणार नाही. संध्याकाळी झुडपात बारीक भोकातून बघा, माशीच दिसत नाही.

नेमबाज_अण्णा:
म्हणून तर नंबर ४ च्या पट्टीच्या साइटला पट्टी खाली पाडली की मोठं भोक असतं. कधी हातात आली तर पट्टी पाडून बघा, मग भांडू.